दोन थापा

बोर्ड वाचत उभी राहू नकोस, फरशी ओली आहे.
आणि वाचून कळणार काय?
तो मालकिणीच्या भाच्याने रंगवलाय,
त्याला अजून कुणी घासलेलं नाही.

पहिलं, साधं घासणं. दुसरं, घासून वर तेल.
तिसऱ्यात काकडीचा कीस तोंडाला, चौथ्यात दूध,
पाचव्यात तापवलेले दगड
(बाहेर लिहिलंय बालीचे;
मीच उचलून आणले, इथूनच, यॉंगदोच्या धक्क्यामागून).
सहावं बंद आहे.
सातवं ‘खास नवरीसाठी’.
सातवं म्हणजे दुसरंच, फक्त टॉवेल गुलाबी
आणि पैसे तिप्पट.
मी थापा दोनच मारते, पोरी, त्याही पाठीवर:
दोनदा थापटलं की कूस बदलायची.

नाव? दाहे. कधी आहे? शनिवारी.
साडेअकरा ते बारा, हॉल नंबर तीन,
बाराला पुढची नवरी दारात उभी.
अर्ध्या तासाच्या लग्नासाठी
दहा महिने मान अशी लाकूड करून घेतलीस?

बोटं दाखव. अजून सुरकुतली नाहीत.
जा, टाकीत बस परत. कोरडं अंग घासलं तर रक्त येतं.

मी मलसून. म्हणजे शेवटची; आता मुली पुरे.
माझ्यानंतर आणखी दोघी झाल्या.

हं, आता ये. पालथी.
हा डावा खांदा फोनचा.
ही कंबर सासरच्यांपुढे वाकून वाकून.
आणि इथे, बरगडीखाली,
फ्लॅटची अनामत: त्यांचे साठ, तुमचे चाळीस
की उलटं?
सांगू नकोस. हाताला लागतंय.
श्वास धरू नकोस. सोड. अगं, सोड ना.

हे बघ, निघालं. लाजतेस काय,
खोडरबराचा चुरा निघतो तसाच निघतो सगळ्यांचा,
परवा बँकेची मॅनेजरीण आली होती, तिचाही.
काय खोडलं गेलं ते मात्र मला विचारू नकोस,
मी बादली ओतते आणि ते जाळीतून जातं.

ती कोण, पाय पाण्यात सोडून
बुफेची कूपनं मोजत बसलीय?
आई?
भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून
न्हाणीघरात आणलीत!
दोनशे दहा. परत पहिल्यापासून. दोनशे दहा.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, नळ चालू आहे.
तुझं अर्धंच राहू दे, आणि तिला घेऊ?
तशी पद्धत नाही. एका किल्लीवर एकच अंग.
सव्वीस वर्षांत अर्धी घासलेली नवरी
मी कुणाच्या घरी पाठवलेली नाही.

...बरं, ऊठ.

मला कशाला, म्हणते. मला का लग्न करायचंय, म्हणते.
तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणताना चप्पल काढली, पाहिलंस?
झोपा, बाई. पिशवी असू दे मुठीत.
मासळीबाजार ना? किती, तीस वर्षं?
अठ्ठावीस. कळलंच.
सुरी उजव्या हाताने धरलीत, बर्फ डाव्याने उपसलात;
दोन हात दोन वेगळ्या बायकांचे असावेत तसे झालेत.
पाठ कधी घासून घेतली होतीत शेवटची?
आठवत नाही.
कुणी घासली होती?

गप्प झाली.
गरम पाणी ओतलं, तरी गप्प.
दोन थापा मारल्या. कूस बदलली नाही.
परत दोन.
घोरतेय गं ही!
मूठ उघडलीय, कूपनं फरशीवर. उचल ती, मोजू नकोस.

पैसे पहिल्याचेच दे.
आणि टॉवेल गुंडाळून जरा बाहेर जा,
बाकावर चौघी जणी ताटकळल्यात,
त्यांना सांग की दगड अजून तापायचेत,
अर्धा तास लागेल.
माझ्या दोन झाल्या मारून,
ही एवढी थाप तू मार.