कायमचं

महिन्याच्या सात तारखेला फोन थरथरतो:
दोन हजार तीनशे शहाण्णव वजा.
रेषा ओढण्याचं भाडं.

घणसोली गावात, मढव्यांच्या गाळ्यात
माझे दोन कॉम्प्युटर, शेजारी शेजारी.
डावा जुना. त्यातलं सॉफ्टवेअर एकदाच घेतलं,
दोन हजार नऊ साली, भिशीची पहिली उचल घालून.
खोक्यावरचा चोवीस आकडी नंबर अजून पाठ आहे,
मुलीचा मोबाइल नंबर मात्र बघावा लागतो.

उजवा तरुण. त्याला सगळं येतं.
माणूस कापून मागे समुद्र लावतो, चहा निवायच्या आत.
पण एप्रिलमध्ये बँकेने कार्ड बदललं
आणि म्हात्र्यांच्या हळदीचा वीस फुटी बॅनर
समोर दिसत होता, हलत नव्हता.
नवरदेवाचा गॉगल, खाली सदुसष्ट शुभेच्छुक,
सगळे काचेपलीकडे.
मीच बसवलेली माणसं, मलाच म्हणे आधी पैसे.

तेव्हा डाव्याकडे वळलो.
तो म्हणाला, ही फाईल माझ्या काळातली नाही.
खरंच होतं.
विकत घेतलेलं आपल्यापाशी राहतं,
म्हणजे जिथल्या तिथे राहतं.
त्याच्यात 'ळ' अजून दोन्ही डोळे भरून वळतो.
उजव्यात तोच जुना फॉन्ट टाकला
की 'हळद'च्या पोटात उघडा कंस.

गाळ्याचं भाडं न्यायला हिराजी मढवी आला.
त्याला हिशेब दाखवला: पाच वर्षांत
एक लाख त्रेचाळीस हजार सातशे साठ.
तेवढ्यात कायमचे परवाने तीन आले असते!
तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला.
म्हणाला, आमची भाताची शेतं गेली, ती कायमची.
त्यांच्यावर टॉवर उभे, त्यांना मात्र साठ वर्षांचा पट्टा.
इथं कायमचं फक्त गेलेलंच असतं रे.

मी नव्या कार्डाचा नंबर भरला.
चाक गोल गोल फिरलं.
बॅनर हलला.
हिराजीने तिसऱ्या ओळीत स्वतःला शोधलं,
जरा मोठा कर म्हणाला.
केला.
भाडं मोजून घेतलं त्याने, दोनदा.

शटर अर्धं ओढल्यावर
डावा उगाच सुरू केला. पंख्याची घरघर,
पडदा उजळायला चार मिनिटं.
एक 'ळ' काढला,
कुणाच्याच हळदीसाठी नाही.
सेव्ह म्हटलं.
झाला.