छाट

पानं भिजत घातलीत आईनं, आणि मी
तिच्या शेजारी पासपोर्ट उघडून बसलेय,
ओल्या हातांपासून वीतभर लांब.

एप्रिल. अशोक चौकामागच्या आमच्या खोलीत
पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे करतोय.
मागच्या गल्लीत लूम चालू आहेत. चार वर्षं लागली मला
त्या आवाजाशिवाय झोपायला शिकायला,
आणि विसरायला एक रात्र.

हिशेब सोपा आहे, वकीलबाई फोनवर म्हणाली.
ह्या व्हिसावर पाच वर्षं भरली
की कायम राहण्याचा अर्ज.
चार वर्षं पाच महिने झालेत.
नवीन हॉस्पिटल धरलंस तर व्हिसाचा प्रकारच बदलतो,
मग मागची वर्षं धरतील, किंवा घड्याळ पुन्हा शून्यावर.
नियम दोन्ही बाजूंनी वाचता येतो, म्हणाली,
आणि ह्या वाक्याचे पैसे घेतले.

नवीन हॉस्पिटल शुक्रवारपर्यंत थांबेल.
जुन्यात माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'सॅम' लिहिलंय.
श्यामला इराबत्ती मावत नाही म्हणे.
रात्रपाळीच्या तक्त्यात मात्र
सॅम कितीही वेळा मावते.

मी आईला विचारत नव्हते, नुसतं मोठ्यानं बोलत होते.
तिची कात्री थांबली नाही.
पत्र्याचा साचा पानावर, कच्च.
साचा पानावर, कच्च.

मग तेलुगूत म्हणाली (ती तेलुगूत, मी मराठीत,
आमचं पहिल्यापासून असंच),
माझं हिरवं कार्ड आठवतं तुला?
एकाच कारखान्याचं, चार वर्षं सात महिने.
पाच भरली असती तर ग्रॅच्युइटी.
सोडलं मी.
तुझा बाप आठ दिवस बोलला नाही,
नरसम्मा आत्या अजून बोलते.

का सोडलंस?

छाट, म्हणाली.
हजार विड्या मोजून द्यायच्या, चेकर पाटीत हात घालणार,
मूठभर बाजूला. बघायचाही नाही.
चांगल्या होत्या गं विड्या.
मला माहीत, त्याला माहीत,
ती छाट संध्याकाळी कुठं जाते तेही सगळ्यांना माहीत.
पाच महिने काढले असते की.
पण एक दिवस हात वळायलाच मागेना.

मग बरोबर केलंस?

तिनं विडीचं तोंड नखानं दुमडलं, दोरा गुंडाळला.
काय की. नव्या कारखान्यातही छाट होतीच.
जरा कमी.
आणि ते पैसे हातात असते तर
तुझ्या नर्सिंगच्या वेळी गंठण मोडावं लागलं नसतं.

गंठणाचं मला
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लूमचा आवाज मधेच बंद पडला. लाईट गेली असणार.
आपण एवढ्या हळू श्वास घेतो हे
अशा वेळीच कळतं.

मी एक पान उचललं. बोटांना आठवेल वाटलं.
आईनं माझी विडी उजेडाकडे धरली,
फिरवून पाहिली, पाटीबाहेर टाकली,
आणि इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पासपोर्टच्या शिक्क्यावर तंबाखूची पूड सांडली होती.
फुंकली. वास राहिला.

रात्री एकच मेल लिहिला, वकीलबाईला नाही,
नवीन हॉस्पिटललाही नाही.
सुट्टीवरून येतेय. नवा बिल्ला करून ठेवा.
खाली पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं.
मावत नसेल तर
बिल्ला मोठा घ्या.

पाठवला. आज मंगळवार.