ही आणि शी

धायरी फाट्याच्या आत, सोसायटीच्या पार्किंगला लागून
एक खोली आहे. माहितीपत्रकात ती क्लब हाऊस होती,
आता तिथे मोडका कॅरम आणि गणपतीचं मखर ठेवतात.
मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेचारला, माझा वर्ग.
पाच मुलं, एक सतरंजी,
कपड्यांचे चिमटे डबाभर.

चिमटे म्हणजे मासे,
सतरंजीचा निळा पट्टा म्हणजे मुठा.
"रेड फिश," मी म्हणते.
"रेड्याची फिश?" शौनक विचारतो.
भोरला त्याच्या मामाकडे रेडा आहे. खरंच आहे.

मग पुस्तक.
चित्रं त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे;
ओळी मला पाठच आहेत.
अस्वल जंगलात वाट चुकलंय. "ही इज सॅड."
"ही कशी? ते अस्वल आहे ना!"
इंग्रजीत ही म्हणजे तो, मी सांगते.
"मग ती?"
"शी."

चौघं सतरंजीवर गडाबडा लोळली.
तस्नीमने नाक दाबलं, शी, शी,
पाण्याचा टँकर येऊन, रिकामा होऊन गेला
तरी हसणं थांबेना.

मीही हसले.
चोविसाव्या वर्षी एका मुलाखतीत
आईबद्दल सांगताना मी म्हणाले होते,
"ही इज अ टेलर."
टेबलापलीकडचे तिघे हसले होते,
लोळून नव्हे,
ओठाच्या एका कोपऱ्यात.

पाचवी इरावती. ती हसत नाही.
जूनपासून तिचा एक शब्द नाही,
फक्त चिमटे रंगावार लावते, गालिच्याच्या काठासारखे.
तिचे बाबा हेल्मेट काखेत धरून विचारतात,
"बोलते का?"
"ऐकते," मी म्हणते.
मग फीच्या नोटा मोजून देतात, दोनदा.

आज शेवटून तिसऱ्या पानावर माझा घसा बसला.
अस्वल अजून जंगलातच.
"हू वॉन्ट्स टू टर्न द पेज?"
शौनक मामाकडच्या रेड्यात होता,
तस्नीम बुटाच्या बंदात.

"मी."

इतकं हळू, की आधी वाटलं
पंखाच कुरकुरला.
इरावती उठली, पान उलटलं,
दोन पानं चिकटलेली होती, एकदम उलटली,
आणि अस्वल जंगल न ओलांडताच
घरी पोचलं. गरम दूध पीत बसलं.
कुणी तक्रार केली नाही.

"आज बोलली," दारात मी सांगितलं.
"अरे वा! काय?"
"मी."
त्यांचा चेहरा जरासा उतरला.
"ते तर मराठी झालं, मॅडम."
नाही हो, मी म्हटलं,
आणि पुढचं वाक्य कुठल्या भाषेत सुरू करावं
ते शोधेपर्यंत
स्कूटर चालू झाली होती.

ती पुढे उभी, हँडल धरून.
फ्रॉकला एक चिमटा तसाच राहिलेला,
लाल मासा,
वडगावच्या पुलाकडे पोहत गेला.