चार आण्याचं वजन

ऑस्कर बार्रेटो बहरीनला गेला त्या हिवाळ्यात
कॅम्पातल्या घरातलं सगळं विकून मोकळा झाला,
एक तबकडी तेवढी माझ्याकडे दिली.
"परत येईन की बा," म्हणाला. "सांभाळ."

कव्हरवर एक पोरगा, ओल्या दगडी भिंतीशी,
कोट दुसऱ्याच कुणाचा असावा इतका ढगळ.
मागे बारीक अक्षरात:
इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणीगावचा,
वय तेवीस, पहिलंच रेकॉर्ड.
मीही तेवीस. आमचंही वडगाव.

रात्री दहाला माग थांबायचे.
कान मात्र खटखटत राहायचे पाऊण तास,
ते निवले की सुई टेकवायची.
गिटार, एक व्हायोलिन, आणि तो,
घसाही न खाकरता थेट सुरू झालेला.

इंग्रजी मला अर्जापुरतं येई.
दहातलं एखादं गाणं निम्मं कळायचं,
बाकीची आमच्या बसच्या पाट्यांसारखी:
अक्षर लागत नाही,
पण गाडी कुठं जाणार ते ठाऊक असतं.

चौथ्या गाण्यात चरा होता.
तिथं सुई अडायची.
अँड. अँड. अँड.
पुढचं सांगायचं त्याच्या जिवावर आल्यासारखं.
मी सुईच्या डोक्यावर चार आणे ठेवले
तेव्हा कुठं वाक्य हललं.

आई बैलहोंगलची.
कांड्या भरता भरता एकदा थांबली.
"पाप," म्हणाली, "यार सत्तार?"
कोण मेलं, बिचाऱ्याचं.
मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो होतो,
तिथवर अजून पोचलो नव्हतो.

बाबा आडवे पडूनच बोलले,
उभा जन्म मागावर, कान सुताला बांधलेला:
"एक धागा तुटलाय याचा.
दिसतोय त्याला. गाठ मारत नाही, बघ."
आणि कुशीवर वळले.

पुढं त्यानं आणखी रेकॉर्डं काढली म्हणे.
ढोल वाढले, कोट मापाचा झाला.
मी नाही ऐकली.
गाठ मारली असेल तर बरंच झालं की,
पण ते मला कशाला.

ऑस्करचं एक पत्र आलं,
मग नाताळचं एक कार्ड, त्यावर नुसती सही.
बाबा गेले, आई गेली,
माग किलोच्या भावानं गेले.
आता रात्री दुसऱ्या गेटची गाडी
इथवर ऐकू येते.

परवा पुतणीनं ते नाणं उचललं.
"काका, हे चालत नाही आता."
"बाजारात नाही चालत," म्हटलं. "ठेव तिथंच."
तिनं ठेवलं नाही,
दिव्याखाली धरून त्यावरचा गेंडा बघत राहिली.

आणि तो तिथंच, तेवीस वर्षांचा,
अँड. अँड.
आई समोर बसून विचारत असल्यासारखा.

मीही घाई केली नाही.