शितावरून भात

जुफेरच्या अकरा मजली इमारतीत मी बेल वाजवते.
क्लिपबोर्ड, ओळखपत्र, घामानं चिकटलेली ओढणी.
खोल्या किती, दिनार किती, करार कधीचा?
दार चार बोटं उघडतं.
चार बोटांत मावेल तेवढंच उत्तर मिळतं,
तेवढंच मी लिहिते.

ऑगस्टअखेर आमच्या कंपनीचा अहवाल म्हणाला:
घरांचे भाव चार टक्के वर.
त्याच आठवड्यात बँकेचा म्हणाला: दोन टक्के खाली.
गाव तेच, महिना तोच,
समुद्र बुजवून काढलेली जमीनही तीच.

मीटिंगमध्ये आवाज चढले.
बँकवाले कर्जाचे कागद मोजतात, बदरिया म्हणाली,
रोखीनं घेणारा त्यांच्या जाळ्यात येतच नाही.
आणि आपण काय मोजतो? वर्गीसनं चष्मा पुसला.
जाहिरातीतला आकडा.
मागणारा मागतो सत्तर हजार,
देणारा टेकवतो एकसष्ट,
मधले नऊ कुठल्या रकान्यात लिहू?
साहेब घड्याळ बघत म्हणाले, सरासरी काढा.
सरासरी निघाली.
तिच्यात राहणारं कुणी नव्हतं.

आमचा ड्रायव्हर सलाउद्दीन परकार, दाभोळचा,
बावीस वर्षं इथं, त्याला टक्के कळत नाहीत
असं सगळे धरून चालतात.
शितावरून भात कळतो, बाय, तो म्हणाला,
पन टोप एकच हवा ना.

रात्री अकराला त्यानं गाडी कडेला घेतली.
वर नको, खाली बघा.
खिडकीतला दिवा खोटं बोलतो,
रिकाम्या घरातही मालक लावून ठेवतात, गिऱ्हाईक भुलावं म्हणून.
एसीचं पाणी खोटं बोलत नाही.
फरशीवर ओले ठिपके होते.
आम्ही मोजत गेलो, चपलेनं एकेकाला टेकत:
बेचाळीस घरांखाली सतरा.
माझ्या कागदावर त्याच इमारतीत
एकतीस बिऱ्हाडं होती.
कागद मी तसाच ठेवला. सही झाली होती.

मग एका शुक्रवारी, आमटीला फोडणी देताना,
फोन आला. दुसऱ्याच कुठल्या कंपनीची मुलगी,
पाठ केलेलं इंग्रजी,
पण माझं ऐकताना मधेच 'हं' म्हणाली
आणि मला इचलकरंजीचा एक अख्खा बोळ दिसला.
मॅडम, भाडं किती भरता?
भाडं दोनशे दहा.
आतल्या खोलीत अविनाश झोपला होता,
मे महिन्यापासून घरीच.
मी म्हणाले, दोनशे सत्तर.
किती सहज म्हणाले!
माझ्याच दारातल्या लोकांसारखं,
आधी जरा थांबून, आठवल्यासारखं करून.
तिनं आभार मानले.
मराठीत बोलावंसं वाटलं, बोलले नाही.
मोहरी करपली होती.

डिसेंबरात घरमालकाचं पत्र आलं:
बाजारभावानुसार पंचवीस दिनार वाढ.
पुरावा म्हणून जोडलेली चार पानं,
त्याच कंपनीची, रंगीत आलेख, वर जाणारी रेघ.
तळाला बारीक अक्षरात:
या भागातला नमुना, एकोणचाळीस घरं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात,
इथं एकोणचाळीस मुखं होती
आणि त्यातलं एक मला चांगलंच ठाऊक होतं.

अविनाशनं विचारलं, हे सर्व्हे खरे असतात का गं?
तू तर त्यातलीच.
मी म्हणाले, आकडे खरे असतात.
तो पत्राची घडी घालत राहिला,
एवढी लहान, की पुढे मोडेना.

कचरा टाकायला खाली उतरले.
हवेत गारवा, सगळे एसी बंद.
आमच्या खिडकीखाली उभी राहिले,
फरशी पार कोरडी.
परकारच्या हिशोबात
आज या इमारतीत कुणीच राहत नाही.
वर आमच्या स्वयंपाकघरात
दिवा तेवढा चालू होता.