दुसरी खाच

कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत कापूस.
शेजारच्या जिनिंगचा, तीन हंगामांचा,
पंख्याच्या पात्यांना वातीसारखा वळलेला.
इलियासभाई म्हणाले, "वैनी, कॉम्प्युटर हाय का उशी?"
आणि रंगाच्या ब्रशनं हळूहळू झाडू लागले.

नवं कार्ड नवं नव्हतंच.
नांदेडच्या एका पोराकडून घेतलं, साडेनऊ हजाराला.
"फक्त गेम खेळलो, ताई," म्हणाला, गळ्याला चिमूट लावून.
पण पंखा बोटानं फिरवला तेव्हाच कळलं,
हे दिवसरात्र कुठंतरी न दिसणारी नाणी खणत होतं
आणि दमून आलंय.
असू दे.
लग्नसराईत मीही चार-चार रात्री जागते.

बोर्ड दोन हजार तेराचं.
त्यावर दुसरी खाच पहिल्यापासून होती,
कुणी तिला काही मागितलं नव्हतं.
पहिलीएवढीच लांब. पण इलियासभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"दिसायला सोळा पदरी, आतून चारच हायेत.
गावच्या कमानीवानी. कमान ही मोठी, म्होरं रस्ता बैलगाडीचा.
तरी चालतंय. घुसवू."

मागची पत्र्याची पट्टी निघेना.
पक्कडीनं वाकवली, त्यांचं बोट कापलं,
थेंब बोर्डावर पडायच्या आत मी पदर पुढं केला.

बटण दाबलं.
टक्.
मग काही नाही.
पुन्हा टक्.

मग वॅट मोजले, बोटांच्या पेरांवर,
दोनदा चुकले, तिसऱ्यांदा माझ्या वहीवर.
साडेचारशेचा सप्लाय, त्यावर दोन कार्डं, तीन हार्डडिस्क.
"पंगतीतून कुणाला तरी उठवावं लागतंय, वैनी."

उठवला तो डीव्हीडी रायटर.
टाचणी खुपसून ट्रे बाहेर ओढला, तर आत डिस्क.
माझंच अक्षर, निळा मार्कर:
वाकळे–शेवाळे, हळद, भाग १.

भाग दोन मी दिला होता.
एक सापडेना म्हणून शेवाळ्यांच्या थोरल्या बाईंशी
भर दुकानात भांडले होते,
"तुमच्याकडंच असंल, कपाट बघा."
त्यांनी राहिलेले सातशे दिले नाहीत,
आणि सात वर्षं भाजीबाजारात
त्या वांग्याच्या ढिगापाशी दिसल्या की मी मेथीकडं वळते.

इलियासभाईंनी डिस्क शर्टाला पुसून माझ्या हातात दिली.
काही विचारलं नाही.
रायटरची वायर नव्या कार्डाला जोडली.

चालू झालं.
दोन पंखे, दोन सूर:
जुन्याचा घोगरा, त्याला आता नुसतं चित्र दाखवायचं;
नव्याची बारीक शिट्टी, ओझं सगळं त्याच्यावर.
तीन तासांचं लग्न वीस तास घ्यायचं,
सव्वासहात उतरलं.
झाकण मात्र बसेना.
ते दाराबाहेर टेकवलं, खडूनं लिहिलं:
मिक्सिंग लॅब चालू आहे.

चपला घालता घालता इलियासभाई म्हणाले,
"यूपीएस पहिले अकरा मिनिटं पुरायचा. आता दीड."

मे महिन्यात सेलूत लाईट विचारून जात नाही.
काल गेली. टूं टूं सुरू झालं,
पिठाच्या हातानं पळाले, सेव्ह दाबलं,
आणि उरलेला वेळ नुसती उभी राहिले.
पडद्यावर अक्षता हवेतच,
नवरीचे डोळे मिटलेले,
मामा कॅमेऱ्याकडं बघायलाय.
मग अंधार. शिट्टी आधी विरली,
घोगरा थोडा फिरत राहिला.

डिस्क पर्समध्ये आहे.
ती वाचायची तर रायटर पुन्हा जोडावा लागेल,
म्हणजे पंगतीतून नव्याला उठवायचं.
सीझन संपू दे, असं तोंडात आलं होतं.

आज रात्रीच काढते कार्ड.
तासाभराचं काम. हळद पेनड्राईव्हवर घेईन,
सकाळी स्टेशन रोडला जाईन,
सातशेचं नाव काढणार नाही.
त्यांनी काढलं तर
काय बोलायचं, ते अजून ठरलं नाही.