पत्र्याची मागची बाजू

राउळातून पत्रा आला तो कोरा नव्हता.
बारा वर्षांमागं मीच त्यावर छिन्नी चालवली होती:
त्रिरश्मीच्या पायथ्याची चाळीस निवर्तनं जमीन,
दर घाण्यामागं पळीभर तेल,
मठाच्या भुवनराशींना आणि त्यांच्या शिष्यांना,
चंद्रसूर्य असेपर्यंत.

चंद्रसूर्य आहेत.
आज पहाटेच गोदेच्या पाण्यात दोन्ही पाहिले,
एक जाताना, एक येताना.
भुवनराशी गेले.
शिष्य आहे, खेमराशी, मठाच्या गोठ्यात शेण काढतो.
त्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही.

सांगितलं ते वामराशींचं.
गेल्या अमावास्येपर्यंत हे गोइंदनायक होते,
पोमलदेवींचे धाकटे बंधू,
पागेतल्या चंदीचा हिशेब ठेवायचे, तोही चुकायचा.
राणी आली तेव्हा वरातीत काय काय आलं
ते नगराला अजून कळतंय.
मामा जकातीच्या नाक्यावर बसला.
मावसभावाला नदीकाठचे मळे.
आणि मेहुणा थेट देवाच्या दारात.
डोकं भादरलं, भस्म फासलं, नाव बदललं,
तरी चालतात अजून मांड्या फाकवून,
खाली घोडं असल्यासारखे.

सारंगपंडित म्हणाले, जुनं नाव ठोकून सपाट कर.
भट्टी पेटवली. पत्रा लाल केला.
भु गेला. व गेला. न जरा अडला.
नव्या नावात एक अक्षर कमी,
म्हणजे माझी मजुरीही एका अक्षरानं कमी,
आणि ओळीत एक भोक पडल्यासारखी जागा.
ती तशीच ठेवली.

शेवटी शाप.
जो हे दान हिरावून घेईल
तो साठ हजार वर्षं नरकातला किडा होईल.
त्याला हात लावायचा नव्हता.
मी विचारलं, पंडित, दिलेलंच पुन्हा दिलं,
तर किडा कोण?
ते म्हणाले, तू अक्षरं मोज.
खाली शिळेवर गाढव कोरायचं कामही माझ्याच भावाला मिळालं.
आमच्यातही नाती चालतात, नाही कशाला म्हणू?

पण तांबटाचं शेंबडं पोरही सांगेल,
समोरून मारलेला घाव मागं उमटतो.
तांबं पुसत नाही. कूस बदलून झोपतं.

पट्टाभिषेकाच्या आदल्या दिवशी
पत्रा घासायला दिला खेमराशीकडं,
चिंच, राख, ओंजळभर पाणी.
मी कडी बसवायला थांबलो होतो.
पुढची बाजू झाली. त्यानं पत्रा उलटला.
अंगठा सरकत सरकत एका जागी आला
आणि थांबला.
उलटी, बोथट, पाच अक्षरं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
चिंच थोडी आणखी घेतली,
आणि तेवढी जागा सोडून
बाकीचं घासत राहिला.